उष्टा आवाज

अनंतराव टेमघरे पार हबकून गेले होते. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, आचारी ऐन वेळी पळालेला, मांडववाल्याचा फोन बंद, आणि आतल्या खोलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले वडील खाटेवर. त्यात नवऱ्या मुलाचे वडील मुकुंदराव लोडाला टेकून अडून बसलेले.

"सनई कसली लावता? डीजे ठरवा! माणसाची छाती हादरली पाहिजे, नाहीतर वरात उंबऱ्यावरून माघारी नेईन. वरपक्षाचा मान आहे तो!"

अनंतरावांनी हात जोडले. आवाज रडवेला झाला होता.

"ठरवतो. पण रीत मोडायला नको. पहिली हळद नवऱ्या मुलाला, उष्टी नवरीला. पहिली पंगत तुमची, मागची आमची. तेव्हा डीजेही आधी तुम्ही उतराल त्या जानवशात, अगदी तुमच्या उशाशी लावू. तुमचं मन भरलं, की उरलासुरला उष्टा आवाज आमच्या दारी आणू."

मुकुंदरावांचा हात नकळत छातीवर गेला. मान नाकारायची तर सोय नव्हती.

"सनईच बरी," ते पुटपुटले आणि उठले.

ते गेल्यावर अनंतराव पायरीवर मटकन बसले. डीजे टळला होता. पोर मात्र त्याच घरी द्यायची होती.