केरबाची एकसारखी नानकटाई

एका बाजारपेठेच्या गावात केरबा नावाचा एक भट्टीवाला राहत होता. पाव, खारी, टोस्ट सगळंच तो भाजायचा, पण नाव होतं ते त्याच्या नानकटाईचं. शंभर नानकटाया मांडल्या तर शंभरही सारख्या. तोच गोल, तीच जाडी, मधोमध एकच चारोळी. "केरबाचा हात म्हणजे साचा," असं लोक म्हणत, आणि ते ऐकून केरबाच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्याची मुलगी मंजुळा नऊ वर्षांची होणार होती. ती म्हणाली, "बाबा, यंदा फुगे नकोत आणि आयता केकही नको. माझ्या वर्गातल्यांना भट्टीवर बोलवू. नानकटाया आम्हीच करू."

केरबा लेकीचा शब्द मोडत नसे. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी डझनभर मुलं जमली. मंजुळाच्या आईने, हौसाने, मैद्याची रिकामी पोती धुऊन त्यांचे एप्रन शिवले होते. परातीत तूपसाखर फेसली गेली. मग मैदा पडला, थोडा परातीत, थोडा नाकांवर आणि बराचसा जमिनीवर. जो तो आपल्या गोळ्याला आकार देऊ लागला. एका मुलाने हत्ती केला; सोंड गळून पडली, तेव्हा हा बैल आहे म्हणाला. मंजुळाने चंद्रकोर केली. तिची मैत्रीण जरीना एकाच माशाला काडीने खवले काढत कितीतरी वेळ बसली होती. ट्रे भरला आणि मुलं हात धुऊन अंगणात खेळायला पळाली.

केरबाने ट्रे पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी मुलांना न्यायला सगळ्यांचे आईबाप येणार. केरबाच्या भट्टीतून असला माल निघतो, असं ते म्हणाले तर? त्याने इकडेतिकडे पाहिलं. हत्ती, चंद्रकोर, मासा, सगळं एकत्र मळून टाकलं आणि त्याच पिठाच्या गोल नानकटाया वळायला घेतल्या.

"अहो, पोरं विचारतील," हौसा म्हणाली.

"पीठ त्यांचंच आहे की. आणि पोरांना काय कळतंय?"

संध्याकाळी ट्रे बाहेर आला. खुसखुशीत, सुरेख, एकसारख्या नानकटाया. आईबाप वा वा करू लागले. मुलं मात्र ट्रेवर वाकून काहीतरी शोधत राहिली. शेवटी जरीनाने विचारलं, "काका, माझा मासा कुठंय?"

"अगं, भट्टीची धगच तशी असते," केरबा हसत म्हणाला. "वेडंवाकडं काही आत गेलं की आपोआप गोल होऊन बाहेर येतं."

एवढा मोठा कारागीर सांगतोय म्हटल्यावर मुलांनी ते खरं मानलं आणि वाट्याला आलेल्या नानकटाया घेऊन ती घरी गेली. थाप खपली, याचं केरबाला थोडं कौतुकच वाटलं.

आठ दिवसांनी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, जरीना आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती. तिने ती उघडून फळीवर ठेवली. आत तीन नानकटाया होत्या. एक तडकलेली, एक करपलेली आणि एक माशासारखी, पण शेपटी मोडलेली.

"काका, अब्बा गावाहून येणार होते म्हणून मी घरी केल्या. पातेल्यात मीठ तापवून, अम्मी करते तशा. दोनदा झाकण काढून बघितलं, पण त्या काही गोल झाल्या नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांच्या सुधारतात, मग माझ्याच का नाही? माझा हातच वाईट आहे का? मी अब्बांना दिल्याच नाहीत."

केरबाच्या हातातला तराजू तसाच राहिला. आणखी एक थाप त्याच्या ओठांवर आली होती. मिठाची धग वेगळी असते, एवढं म्हटलं असतं तरी पोरीचं समाधान झालं असतं आणि गिऱ्हाइकांपुढे अब्रूही राहिली असती. पण जरीना स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे बघत उभी होती. केरबाला उभ्या आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती.

"पोरी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "वाईट मी वागलो. भट्टीत काही आपोआप गोल होत नाही. तुमच्या नानकटाया मी मोडल्या. तुम्ही खाल्ल्यात त्या माझ्या हातच्या होत्या."

नेहमीच्या गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. केरबाने करपलेल्या नानकटाईचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "तूप बरोबर पडलंय. जा, अब्बांना दे," तो म्हणाला. जरीनाने पुडी मिटली आणि ती निघून गेली.

आतल्या दारात मंजुळा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, माझी पण मोडली?"

केरबाने होकारार्थी मान हलवली. वर बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

मंजुळाने त्या दिवशीची आपली नानकटाई खाल्लीच नव्हती. ती एका डबीत जपून ठेवली होती आणि आठ दिवस येईल त्याला ती दाखवत होती, ही मी केलेली म्हणून. ती आत गेली, डबी घेऊन आली, दुकानातल्या काचेच्या बरणीचं झाकण काढलं आणि नानकटाई आत टाकली.

"ही तुमची, बाबा."

ती घरात गेली तरी केरबा बरणीकडे बघत राहिला. आतल्या सगळ्या नानकटाया एकसारख्या होत्या. लेकीने टाकलेली कोणती, ते त्यालाही सांगता येईना.

तात्पर्य: आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून जो मुलांचं वेडंवाकडं काम गुपचूप सुधारतो, तो ते काम त्यांच्याकडून हिरावून घेतो, मग चूक कबूल केली तरी ते त्यांना परत देता येत नाही.