सागुणेने निवडलेली दोरी

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्याच्या तळाशी एक शाप राहत होता. राजा विक्रांतसेनाने करालबाहू मांत्रिकाला दरबारातून हाकललं, तेव्हा जाता जाता त्याने आपला शापमणी तळ्यात भिरकावला. तो एका महाकाय माशाने गिळला, आणि त्या दिवसापासून राजधानीतली माणसं पायांकडून दगड होऊ लागली. मासा भाल्याने टिपून मणी फोडला की शाप सुटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वीर गेले. एकही परतला नाही.

भाल्याने मासे टिपण्यात सागुणा कोळणीचा हात धरणारं त्या राज्यात कोणी नव्हतं. तिचा नवरा जिवाजी कमरेपर्यंत दगड झाला होता आणि सूर्यास्ताला दगड काळजाशी पोचणार होता. रडायला तिला सवड नव्हती. ती थेट दरबारात गेली.

"महाराज, मासा मी आणते. पण भाल्याला बांधायची दोरी माझी मी निवडणार."

राजाने कोठार उघडून दिलं. आत सोन्याची तार होती, अप्सरांनी विणलेला रेशमी गोफ होता, आणि कोपऱ्यात गोणी बांधून उरलेली अंबाडीची दोरी होती. वीरांनी अर्थातच सोनं आणि रेशीम नेलं होतं. सागुणेने तिन्ही घागरीत बुडवल्या. दरबारी हसले.

"कोरड्या असल्या की सगळ्याच दोऱ्या गोड बोलतात," ती म्हणाली.

मग तिने प्रत्येकीला वरवंटा बांधून हिसका दिला. तार मुरडली तिथेच तुटली. रेशमाची गाठ सुळकन सुटली. अंबाडी मात्र पाणी पिऊन फुगली आणि गाठ अशी आवळली की नखाने सुटेना.

तळ्यावरचा खंड्या पक्षी खिडकीत बसून पाहत होता. तो माणसांसारखा बोलत असे, त्याचं तिथे कुणाला नवल नव्हतं.

"दुसरं टोक कुठे बांधशील?" त्याने विचारलं. "ते सहाही जण मनगटाला बांधून गेले."

"वीराने शस्त्र सोडू नये!" राजा गरजला.

"म्हणूनच ते तळाशी आहेत, महाराज. मला वाळलेले तीन भोपळे द्या, टोक त्यांना बांधते."

"आणि एक ऐक," खंड्या म्हणाला. "मासा ओळखीच्या आवाजात हाका मारतो."

जिवाजीला बैलगाडीतून काठावर आणलं होतं. सागुणेने त्याच्याकडे एकदा पाहिलं, होडी तळ्यात नेली आणि बुडी मारली. मासा कपारीत होता. तिने भाला कल्ल्यामागे रोवला, दोरी सोडून दिली, आणि वर येऊन होडीत बसली.

मासा उधळला. तिन्ही भोपळे गडप झाले, वर आले, पुन्हा गडप झाले. पाण्यातून हाक आली, "सागुणे, ओढ!" आवाज जिवाजीचा होता. ती हलली नाही. "सागुणे, दगड छातीशी आला!" ती हलली नाही. सूर्य टेकला. "सागुणे, श्वास कोंडतोय गं!"

तिचा हात दोरीकडे गेला आणि थांबला. मासा अजून दमला नव्हता. आत्ता ओढलं असतं तर भाला निसटला असता.

मग भोपळे वर आले ते वरच राहिले. तेव्हा तिने दोरी ओढली, मासा काठाला लावला, पोट फाडलं आणि मणी दगडाने ठेचला. नगरीतली अर्धी दगड झालेली माणसं उठून आपापल्या घरी निघाली. राजाने सिंहासनावरून उतरून तिला हात जोडले.

जिवाजी गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरला.

"तिसरी हाक माझी होती," तो म्हणाला.

"कळलं होतं मला."

"तरी ओढलं नाहीस?"

"ओढलं असतं तर आत्ता हे विचारायला तू नसतास," सागुणा म्हणाली, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून, सगळ्या राज्यादेखत, हमसून हमसून रडली.