अळणी सार

एकदा एका गुळाच्या पेठेतील व्यापाऱ्याचा ताप उतरला, पण व्यापारी काही उठला नाही. विषमज्वर होता आणि तो बराच काळ रेंगाळला होता. ताप गेल्यावर घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि आता हा माणूस चार-दोन दिवसांत पेढीवर जाऊन बसेल, असे सर्वजण धरून चालले. तो मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बोलणे बंद, खाणे बंद. पेज आणली की ओठ मिटून घेई. दूध आणले तर एक घोट घेऊन भांडे बाजूला सारी.

वैद्य वृद्ध होते. त्यांनी नाडी पाहिली आणि दाराशी उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या मुलीला, सगुणेला, बाहेर बोलावून ते म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर तापाने जे केलं नाही ते उपासाने होईल."

"पण बाबा तोंडच उघडत नाहीत, वैद्यबुवा."

"पाहू या." वैद्य आपल्या शिष्याकडे वळले. "पंडित, तू इथेच राहा. टोमॅटो आणि भाज्या निखाऱ्यावर भाजून त्यांचं सार करून देत जा. हलकं असतं, तोंडाला रुची आणतं."

'पंडित' हे त्यांनी थट्टेने पाडलेले नाव, पण ते खोटे नव्हते. शिष्याला ग्रंथ तोंडपाठ होते. फक्त स्वतःच्या हातून झालेल्या कोणत्याही गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे. औषधाची पुडी बांधली की ती सोडून पुन्हा पाहायची, रोग्याच्या घरून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत येऊन "मधातूनच घ्या म्हणालो ना मी?" असे विचारायचे. अशा माणसावर एका माणसाचा जीव सोपवला गेला होता, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते.

त्याने चुलीतले निखारे पुढे ओढले. त्यावर टोमॅटो ठेवले, लाल भोपळ्याची फोड ठेवली, गाजरे, कांदा, लसणाचा अख्खा गड्डा. टोमॅटोची साल तडकून काळी पडली, रस निखाऱ्यांवर गळून चुरचुरला, आणि स्वयंपाकघरभर असा वास सुटला की सगुणा म्हणाली, "बाबांचं जाऊ द्या, मलाच भूक लागली."

शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते. काळ्याचा एक कणही सारात उतरता कामा नये, ही त्याला चिंता. त्याने सर्व भाज्या परातीतल्या पाण्यात टाकल्या, चोळून साल काढली, पाणी ओतून दिले, पुन्हा नवे पाणी घेऊन धुतल्या. मग पाट्यावर वाटल्या, मलमलच्या फडक्यातून गाळल्या आणि उकळत ठेवून वर तुपाजिऱ्याची फोडणी दिली. मीठ घातले, चाखले. आणखी कणभर घातले, पुन्हा चाखले. गुळाचा खडा टाकला, चाखले.

"अहो, बाबांसाठी काही उरू द्या," सगुणा म्हणाली.

सार मात्र सुरेख झाले होते. लालबुंद, नितळ, कुठे ठिपका नाही. व्यापाऱ्याने एक चमचा घेतला, गिळला आणि मान फिरवली.

"काय चुकलं असेल?" शिष्याने विचारले. विचारले ते सगुणेला.

दुसऱ्या दिवशी त्याने लसूण कमी केला. त्यानंतर गूळ बदलला, जिरे बदलले, तीनतीनदा गाळले. सार अधिकाधिक निर्दोष होत गेले आणि व्यापारी अधिकाधिक भिंतीकडे सरकत गेला. शेवटी तो चमच्यासाठी तोंडही उघडीना.

वैद्य पुन्हा आले तेव्हा पडवीत एक शेतकरी उभा होता. त्याच्या हातात गुळाचा मोठा खडा होता. "शेटना एवढा दाखवतो. बघून भाव सांगतील," तो म्हणत होता. व्यापाऱ्याचा मुलगा हलक्या आवाजात त्याला परतवीत होता, "त्यांना आता काही विचारू नका. डोक्याला त्रास नको. सगळं आम्हीच बघतो."

वैद्य क्षणभर तिथेच थांबले. मग आत गेले.

चुलीपाशी शिष्य धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी बसला होता. "गुरुजी, मला हे जमत नाही. माझ्या हातून हा माणूस जाईल. तुम्ही करा."

"आजचं झालंय का?"

"मीठ तेवढं राहिलंय." त्याने मिठाकडे हात नेला. वैद्यांनी त्याचे मनगट धरले.

"राहू दे."

"अगदी थोडं..."

"कणभरही नको. आणि चाखूही नकोस. दोन वाट्या भर. एक मला."

"अळणी?" सगुणा पुढे झाली. "अहो वैद्यबुवा, धडधाकट माणूस अळणी सार तोंडाला लावायचा नाही, आणि तुम्ही बाबांना देणार?"

वाटी घेऊन वैद्य आजाऱ्याच्या अंथरुणाशी मांडी घालून बसले आणि मोठा आवाज करीत एक भुरका मारला.

"वा! काय सार झालंय!"

व्यापाऱ्याची पाठ हलली नाही.

"रंग पाहा, दाटपणा पाहा. आणि मीठ! मीठ तर असं नेमकं पडलंय की काय सांगावं. शेटजी, असं सार सगळ्या पेठेत शोधून सापडायचं नाही."

आता पाठ थोडी हलली. व्यापाऱ्याने उभ्या आयुष्यात मालाची स्तुती पुष्कळ ऐकली होती. विकणारा जितका रंगात येई, तितका तो आपला अंगठा ढेपेत अधिक खोल रुतवून पाही. त्याने मान वळवून वैद्यांकडे रोखून पाहिले. सगुणेने वाटी पुढे केली. त्याने एक घोट घेतला आणि तो लगेच गिळला नाही. गुळाचा खडा घोळवावा तसा जिभेवर घोळवला.

"मीठ नाही यात." आवाज गंजलेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"आहे की," वैद्य म्हणाले.

"नाही."

"शेटजी, तापाने जिभेची चव जाते. तुम्हाला आता खारट-गोडातलं कळायचं नाही. चालायचंच. वय झालं."

"कुणाला कळायचं नाही?" व्यापारी कोपरावर उठला. "खाऱ्या जमिनीतल्या उसाचा गूळ मी नुसता तोंडात धरून बाजूला काढतो, आणि वाटीत मीठ आहे की नाही ते मला कळणार नाही? सगुणे, मीठ आण! माझी जीभ आहे जागेवर, या वैद्यबुवांचीच गेली!"

सगुणा मीठ घेऊन धावत आली. तिला हसू येत होते आणि डोळ्यांतून पाणीही. व्यापाऱ्याने स्वतःच्या चिमटीने मीठ घातले, ढवळले, चाखले, पुन्हा चिमूटभर घातले. मग त्याने खोलीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या शिष्याकडे पाहिले.

"तू केलंस हे?"

"हो."

"भाजून झाल्यावर पाण्याने धुतलंस."

शिष्य चपापला. "काळं राहू नये म्हणून..."

"अरे, मग भाजलंस कशाला? उकडून घ्यायचंस. सगळी चव मोरीत ओतलीस."

असा कुरकुरत, दमत, मध्येच टेकत त्याने अर्धी वाटी सार संपवले आणि त्याला झोप लागली. त्याचे तोंड या वेळी भिंतीकडे नव्हते.

अंगणात आल्यावर शिष्य म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खोटं बोललात."

"बोललो. ते माझ्या खाती. आणि खरं सांगू? हे साधेल अशी खात्री मलाही नव्हती. त्याने वाटी भिरकावली असती, तर आपण दोघेही आता इथे उभे राहून दुसरं काही शोधत असतो."

"पण मीठ का घालू दिलं नाहीत?"

वैद्य कट्ट्यावर बसले. "पडवीतला तो शेतकरी पाहिलास? या माणसाला सगळी पेठ विचारत होती, शेट, हा माल कसा आहे? त्या विचारण्यावर तो जगत होता. आजारी पडला आणि घरच्यांनी मायेनेच ते विचारणं बंद केलं. दुकान त्यांनी सांभाळलं, भाव त्यांनी ठरवले. उरलं काय, तर तुझं सार. त्यातही तू काही बाकी ठेवलं नाहीस. ज्यात काही बाकीच नाही, त्यात त्याने काय करायचं? गिळायचं तेवढं. त्यासाठी उठावं असं त्याला वाटेना."

शिष्याने मान खाली घातली. "मी तर माझ्याकडून काही कमी पडू नये म्हणून झटत होतो."

"तेच. आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून तू राबत होतास. त्याने जेवावं म्हणून राबणं निराळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं रे, म्हणून तुला ते उमगलं नाही. इतक्या दिवसांत काय चुकलं ते तू सगुणेला विचारलंस, मला विचारलंस, ग्रंथात पाहिलंस. त्या माणसाला एकदा तरी विचारलंस का?"

शिष्याने वळून आजाऱ्याच्या खोलीकडे पाहिले.

अळणी सार हा काही या रोगावरचा उपाय नव्हे, हे सांगायला हवे. दुसऱ्या घरी, दुसऱ्या माणसापुढे तीच वाटी ठेवली तर ती कदाचित तशीच परत येईल. काय बाकी ठेवायचे आणि कोणासाठी, हे त्या माणसाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि पाहूनही आपला अंदाज चुकू शकतो. निदान माझी समजूत तरी अशी आहे.

दुसऱ्या दिवशी शिष्याने भाज्या भाजल्या आणि पाण्याला हात लावला नाही. बोटे पोळत असताना साली हातानेच काढल्या. सारात काळे कण राहिले. ते पाहून त्याची छाती पूर्वीइतकीच धडधडली. तसा स्वभाव एका रात्रीत पालटत नाही. त्याने वाटी व्यापाऱ्यापुढे ठेवली. सगुणा शेजारीच होती, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"शेटजी, काय कमी आहे?"

व्यापाऱ्याने घोट घेतला. पुष्कळ वेळ लावला. शिष्य थांबून राहिला.

"धूर आलाय. हे बरं झालं," व्यापारी म्हणाला. "पण भोपळा आतून कच्चा राहिलाय. निखारे नीट धरायच्या आधीच तू घाई करतोस. असं सांगून नाही कळायचं तुला. चल, दाखवतो."

त्याने पाय जमिनीवर टेकले. भिंतीला हात लावून तो उभा राहिला आणि त्याने एक पाऊल टाकले. त्याला धरण्यासाठी शिष्याचे दोन्ही हात पुढे आले. मग त्याने ते मागे घेतले आणि केवळ एक पाऊल मागे राहून तो चालू लागला.

स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला होते. कोणीही घाई केली नाही.