राजमापाची कवळी

"आठ दिवसांत वीस कवळ्या! सगळ्या माझ्याच मापाच्या, आणि वीसही दरबाऱ्यांना चपखल बसल्या पाहिजेत! नाही बसल्या, तर हत्यारं इथं ठेवायची आणि राज्याबाहेर चालतं व्हायचं!"

रत्नखेडच्या धारोजी राजांनी हा हुकूम शिदोबा काताऱ्याला सोडला. त्यानं राजांना हस्तिदंताची वरची कवळी करून दिली होती. ती इतकी छान बसली की राजे ऊस सोलून खाऊ लागले. तेवढ्यात दिवाण गिरमाजीपंत म्हणाले, "महाराजांचा जबडा म्हणजे आदर्श जबडा! तेच राज्याचं माप करावं!" झालं! दरबारातल्या वीस बोळक्या म्हाताऱ्यांवर राजमाप लागू झालं.

शिदोबाची मुलगी येसू पंतांकडे गेली. "पंत, निदान मेणात प्रत्येकाचं माप तरी घेऊ द्या."

"राजमाप असताना दुसरं माप? राजद्रोह आहे हा!"

घरी शिदोबा कपाळाला हात लावून बसला होता. "येसू, लांबट डोक्याच्या माणसाचा वरचा जबडा लांब अन् अरुंद असतो. रुंद डोक्याचा आखूड अन् पसरट. महाराज पडले मधले. एक माप सगळ्यांना कसं बसायचं?"

"नाहीच बसणार! बाबा, तुम्ही कोरा. मापात केसाचाही फरक करू नका!"

आठव्या दिवशी येसूनं कवळ्यांची टोपली दरबारात ठेवली. लांबट चेहऱ्याच्या सेनापतींनी कवळी तोंडात घातली. ती आडवी अडकली आणि त्यांचा आ वासलेलाच राहिला! रुंद चेहऱ्याचे गिरमाजीपंत पुढं झाले. "वा, महाराज! अगदी चप..." आणि कवळी टपकन गालिच्यावर!

"लबाड पोरी!" राजे गरजले. "कवळ्या चुकल्या!"

"एकही नाही, सरकार. टोपलीतली कुठलीही घालून बघा."

राजांनी एक घातली, बसली. दुसरी घातली, तीही बसली. पाचवीही बसली!

"मग चुकलं काय?"

"डोकी, सरकार!" येसूनं पदराआडून बापाची करवत काढली. "राजमाप तर चुकत नाही. तेव्हा आता या डोक्यांनाच राजमापात आणायला हवं. लहान मुलाचं हाड कोवळं असतं, पण ही पिकली डोकी. दाबून बसायची नाहीत, तासावीच लागतील. हुकूम द्या! पहिला मान दिवाणजींचा ना?"

गिरमाजीपंत दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडले, "महाराज, माप बदला! आत्ताच्या आत्ता बदला!"

राजे पोट धरून हसायला लागले. हसू आवरेना तेव्हा त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या ओंजळीत टाकला आणि म्हणाले, "पंत, गप्प बसा आणि आ करा! येसूबाई, घ्या मेण!"