धारेवर बसलेला भाऊ

“...मग त्याला तिथेच सोडून देऊ का, माई?”

यशोधनचा आवाज चढला होता. जानकीमाई चुलीत लाकूड सारत राहिली.

मूळची वाईची ही म्हातारी संन्यासिनी धवलमाथा नावाच्या हिमशिखराच्या पायथ्याशी, शेवटच्या गावाच्याही वर, एका दगडी कुटीत राहायची. यशोधन तिला गुरू मानायचा. तिच्या पाया पडून तो दोनदा धवलमाथा चढायला गेला. दोन्ही वेळा वादळाने त्याला शिखराच्या खालूनच परत पाठवलं.

यंदा त्याचा धाकटा भाऊ मकरंद गेला. शिखराखालच्या बर्फाच्या धारेवर दम घ्यायला म्हणून बसला, तो उठलाच नाही. सोबती कसेबसे जीव घेऊन उतरले.

“चढायला मी शिकवलं त्याला,” यशोधन म्हणाला. “आई भोरला दारात बसून असते. त्याला बघितल्याशिवाय दहावं-तेरावं करू देणार नाही म्हणते.”

“मग जा. घेऊन ये.”

इतक्या सहज ती हो म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“सोबत कोण आहे?”

“शेर्पा आहेत. चांगले, जुने.”

“मकरंद बसलाय तिथून माथा किती राहतो?”

“फार नाही. हवा उघडी असली तर दोन तासांत...”



माईने राख झटकली. “आईची शपथ घे. भावापाशी पोहोचलास की तिथूनच मागे फिरायचं. वर एक पाऊल टाकायचं नाही.”

“माई! हे काय सांगावं लागतं मला?”

“घे शपथ.”

“माझा भाऊ मेलाय तिथे!”

“म्हणूनच म्हणते.”

त्याने तोंड उघडलं.

...

शब्द बाहेर पडेना.

माई उठली. तिने दार सताड उघडलं.

सकाळपासूनचे ढग फाटले होते. धवलमाथा उन्हात उभा होता. इतका जवळ, इतका स्वच्छ, की खालची दरी, गाव, माणसं, काही उरलंच नाही.

भोरहून निघताना यशोधनने मनाशी ठरवलं होतं, या डोंगराचं तोंडही बघायचं नाही, बघितलंच तर शिव्या द्यायच्या. आता तो उंबऱ्याशी आला. त्याची नजर हिमनदीवरून चढली, कड्याला वळसा घालून धारेवर आली. धारेवरून वर सरकली. अगदी टोकाला जाऊन थांबली. त्याची छाती भरून आली.

नजर कुठून कुठे गेली, ते मग त्याचं त्यालाच कळलं.

तो उंबऱ्यावरच बसला.

“माई... मी त्याला ओलांडून पुढे गेलो.”



“तो तिथे बसलाय. आणि मी थांबलोसुद्धा नाही त्याच्यापाशी...”

त्याला रडायचं होतं. रडू येईना.

शेवटी तो म्हणाला, “शेर्पांनाच जाऊ दे. मी नाही जात. इथेच थांबतो, तुमच्यापाशी.”

हे बोलतानाही त्याचे डोळे माथ्यावरच होते.

माईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“मकरंदला ते आणतील रे,” ती म्हणाली. “तुला आणायला कोणाला पाठवू?”