आवडायचं पाखरू

वेळसांडच्या किनाऱ्याला तेव्हा दगडी धक्का नव्हता. होती ती वाळू, केवड्याची बनं आणि खारव्यांची कुडाची घरं. त्यातल्या शेवटच्या घरात आवडा नावाची बाई राहायची. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच लेक, हिरोजी. सगळं गाव तिला आवडाय म्हणे. अजूनही म्हणतं.

एका वर्षी नारळी पुनवेनंतर गावाचं गलबत माल आणायला निघालं. सुकाणूवर विठोजी तांडेल, शिडाच्या दोराशी हिरोजी, बाकी गावचेच गडी. ते दिसेनासं झालं आणि मागून आभाळ काळं झालं. वादळ आलं, गेलं, गलबत परतलं नाही. होड्या किनाऱ्यानं वर जाऊन आल्या, खाली जाऊन आल्या. फळी सापडली नाही, की प्रेत सापडलं नाही. घराघरांत बायका कुंकवाचा करंडा घेऊन बसून राहायच्या. लावावं की नाही, ते सांगणार कोण?

अशातच एका दुपारी, ओहोटीच्या वेळी, आवडायला वाळूत एक पाखरू दिसलं. पोपट म्हणावा तर पोपटाहून लहान. अंग हिरवं, कपाळ नि पोट पिकल्या आंब्यासारखं केशरी, डोळ्यांभोवती पांढरं कडं, शेपूट लांब आणि निमुळतं. तसलं पाखरू त्या किनाऱ्यावर आधी कोणी पाहिलं नव्हतं. वारा पडला होता, तरी त्याची पिसं वाऱ्यात असल्यासारखी हलत होती. आणि त्याच्या पावलांचे ठसे जमिनीकडून नव्हे, पाण्यातून वाळूवर आले होते, असं म्हणतात.

"हात लावू नको गो!" बायका लांबून ओरडल्या. "समुद्रानं पाठवलंय ते. त्यालाच परत दे."

आवडायनं पदर पसरला आणि पाखरू अलगद आत घेतलं. "भिजलंय," एवढंच ती म्हणाली.

बुरडाकडून तिनं बांबूचा पिंजरा आणला, पण त्याचं दार कधी बांधलं नाही. आत पेरूची जाडशी फांदी आडवी बसवली, म्हणजे पायांना धरायला बरं. चुलीच्या धुरापासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात तो टांगला. पाण्याची वाटी ठेवली, शिजवलेली नाचणी ठेवली. आणि मग त्याच्याकडे न बघता बाजूला जाळं घेऊन बसली. पाखरू थरथरत होतं. ते खाईना, पिईना. शेजारणी डोकावल्या की ती त्यांना हातानंच थांबवायची.

"नवं आहे ते. आधी त्याला घर बघू दे. आपण नंतर बघू."

आत येण्याआधी ती उंबऱ्यावरून हलकेच बोलायची, म्हणजे ते दचकणार नाही. दिवस कलला की पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकायची. जेवताना पिंजऱ्याजवळ बसून आधी स्वतः घास खायची आणि एक घास ताटाच्या कडेला ठेवायची. एकदा तिनं हात पुढे केला तेव्हा पाखरानं बोट फोडलं. रक्त आलं, पण तिनं हात झटकला नाही. पाखरू तिच्याकडे बघत राहिलं. पुढे कधीतरी ते आपण होऊन खाली उतरलं आणि ताटातला घास उचलून खाऊ लागलं. त्यानंतर ते वाटीत आंघोळ करी, शेवग्याच्या काड्या सोलून सगळीकडे कचरा करी, आणि आवडाय जाळं विणायला बसली की तिच्या अंबाड्याखाली मानेशी शिरून झोपी जाई. रिकाम्या घरात पुन्हा कोणाचा तरी श्वास चालू झाला होता.

मग एका संध्याकाळी ते बोललं.

आधी सुकाणूची करकर आली. मग ओला दोर ओढल्याचा आवाज. आणि मग एक माणूस तिच्या कानाशी म्हणाला, "धरून राहा रे. धरून राहा."

तो विठोजी तांडेलाचा आवाज होता. आवडायच्या हातातली सुई थांबली. मान तिनं हलवली नाही. मागोमाग दुसरा आवाज आला, तिसरा आला, सगळे गलबतावरचे. हिरोजीचा आला नाही. विचारावंसं तिला किती वाटलं असेल! पण तिनं ओठ मिटून घेतले आणि त्याला झोपू दिलं.

कुडाच्या भिंतीतून शेजारणीनं ते ऐकलं होतं. सकाळी सगळं गाव दारात उभं. कोणी म्हणे माझ्या भावाचा आवाज काढ, कोणी म्हणे माझ्या बापाचा. कोणी पिंजरा हलवला, कोणी काडीनं टोचलं. पाखरू किंचाळलं आणि स्वतःच्या छातीवरची पिसं उपटू लागलं. आवडायनं सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

दुपारी विठोजीची बायको मथुरा आली. तिच्या सासरच्यांनी तिचा चुडा फोडायचं ठरवलं होतं, दुसऱ्याच दिवशी.

"आवडाय, ते जिते आहेत की नाहीत, एवढंच विचार त्याला. तुझ्या पाया पडते."

"मी माझ्या हिरूचंसुद्धा विचारलं नाही गो," आवडाय म्हणाली. "विचारलं की ते घाबरतं. त्याच्या पोटात काय आहे ते त्याला सांगवेल तेव्हा सांगेल."

"आणि माझा चुडा?"

इतक्यात गावचे मानकरी सोमाजी चार माणसं घेऊन आले. पाखरू देवळात न्यायचं, धूप घालून त्याला बोलतं करायचं, असं ठरलं होतं.

"धुरानं मरेल ते," आवडाय दारात आडवी उभी राहिली. "तुम्हाला ऐकायचंय ना? मग सगळं गाव वाळूवर बसवा. कोणी विचारायचं नाही. कोणी रडायचं नाही. ओळखीचा आवाज आला तरी ओ द्यायची नाही. जमेल?"

सोमाजी काही बोलणार होते, पण मथुरा आधीच वाळूकडे चालू लागली होती.

सगळं गाव बसलं, तान्ह्या पोरांसकट. समुद्रावर धुकट चढलं होतं. आवडाय मधोमध बसली, पाखरू तिच्या मानेशी. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लोकांच्या ध्यानात आलं की लाटा फुटताहेत, पण त्यांचा आवाज येत नाही. असं म्हणतात की त्या वेळी पोरांनीसुद्धा श्वास धरला होता.

पाखरानं डोळे मिटले आणि बोलू लागलं. एकामागून एक गडी खोकले, कण्हले, एकमेकांना धीर देत राहिले. मथुरानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हुंदका फुटू दिला नाही. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी हळू, हिरोजी बोलला.

"आये, काळखडपावर होड्या पाठव. गोडं पाणी संपलंय. यांना घेऊन जा."

काळखडप म्हणजे भर समुद्रातला ओसाड खडक. तिकडे कोणी फिरकत नसे, म्हणून कोणी शोधलंही नव्हतं. लोक उठले, होड्यांकडे धावले. आवडाय एकटी तिथंच बसून राहिली. "यांना" म्हणाला तो. "आम्हाला" म्हणाला नाही. ते तिनं एकटीनंच ऐकलं होतं.

होड्या परतल्या तेव्हा गडी हाडांचे सापळे झाले होते, कालवं खाऊन नि खडकातलं पावसाचं पाणी पिऊन जगलेले. पण जिवंत होते. मथुरानं चुडा भरलेल्या हातांनी विठोजीला होडीतून उतरवलं. तो कसाबसा चालत आवडायपाशी आला.

"आय, गलबत फुटलं त्याच दिवशी हिरू गेला. आम्हाला एकेकाला खडकावर ओढून काढलं आणि दमून गेला. तिथंच दगडांखाली ठेवला त्याला."

"आणि हे पाखरू तुमच्याजवळ कुठून आलं?" सोमाजींनी विचारलं.

विठोजीनं पाखराकडे पाहिलं. त्याला काही उमजेना. "कसलं पाखरू? तिथं चिमणीसुद्धा नव्हती."

आवडायनं मानेशी हात नेला आणि बोटानं पाखराचं डोकं खाजवलं. ते शांत झोपलं होतं. त्यानंतर ते माणसाच्या आवाजात कधी बोललं नाही. ती म्हातारी झाली, पाखरू मात्र होतं तसंच राहिलं. आणि एका पहाटे चूल थंड, पिंजरा रिकामा, घर रिकामं. लोक शोधायला निघाले तेव्हा मथुरा म्हणाली, "शोधा, पण हाका मारू नका."

दोघं सापडली नाहीत.

आजही वेळसांडात नवं जनावर, नवं पाखरू घरी आलं की सगळं घर हळू आवाजात बोलतं. पाणी ठेवतात, उजेड कमी करतात, आणि ते आपण होऊन जवळ येईपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. याला आवडायचे दिवस म्हणतात. नवी सून आली तरी तिलाही हे दिवस मिळतात.

आणि वर्षातून एकदा, नारळी पुनवेनंतरच्या मोठ्या ओहोटीला, सगळं गाव वाळूवर जाऊन गप्प बसतं. मध्ये एक जागा मोकळी सोडतात. कधी कधी लाटांचा आवाज थांबतो, असं म्हणतात. ज्याला काही ऐकू येतं, तो सांगत नाही. उठताना त्याच्या चेहऱ्यावरून शेजाऱ्यांना कळतं, आणि त्या दिवशी त्याला कोणी काही विचारत नाही.