खुळखुळा जागचा हलत नाही

उशांना आणि पाळण्यांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. सुगंधाबाईची पाच महिन्यांची लेक काशी दिवसभर गोधडीवर उताणी पडलेली असायची. डोकं गोल व्हावं म्हणून खाली मोहरीची उशी, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोड. काशी रडली की लाकडी खुळखुळा गडगडत तिच्या मुठीत जायचा.

एक दिवस तो लोडापलीकडेच थांबला आणि नुसता वाजत राहिला. काशीने हात लांबवला. पोचेना. तिने भोकाड पसरलं.

"अरे मेल्या, जा ना तिच्याकडे!" उशी ओरडली. "पोरीचा घसा बसेल."

"बसू दे. आज मी जाणार नाही."

"आणि हलली तर डोकं वाकडं होईल तिचं!"

"वाकडं तर वाकडं. तुमच्यापायी आजवर तिने आढ्याशिवाय काही पाहिलंय का?"

लोड गुरकावला, "तिच्या आईने मला राखणीला ठेवलंय. मी सरकणार नाही."

"नको सरकूस. तुला विचारतंय कोण?" म्हणत खुळखुळा आणखी जोरात वाजला.

काशी रडायची थांबली. तिने लोडाला अशी लाथ हाणली की तो गोधडीबाहेर गेला. मग ती कुशीवर वळली आणि धप्पकन पालथी पडली. एक हात छातीखाली अडकला. कुणी पुढे येईना, तेव्हा तिनेच तो ओढून काढला, मान वर केली आणि खुळखुळा पकडला.

"मिळाला गं बाई एकदाचा!" उशी गहिवरली.

तेवढ्यात काशीने तो दाराकडे भिरकावला. उंबऱ्याशी पडल्या पडल्या खुळखुळा ओरडला, "आता रांगत ये!"